ट्रंकेतली एअर इंडिया: जुन्या तिकिटाचं, फोटोचं साल कसं काढायचं

आधी एकच सांगते, फडकं बाजूला ठेवा. माळ्यावरून ट्रंक उतरली, आत एअर इंडियाची खांद्याला लावायची पिशवी, तिकिटांची पाकिटं, एखादं मेन्यूकार्ड, विमानाच्या शिडीवर उभ्या असलेल्या काकांचा फोटो असं काही निघालं की आपला हात आपोआप पुसायला जातो. पुसताना सगळ्यात आधी जाते ती मागे पेन्सिलीने लिहिलेली ओळ. ती ओळच बहुतेक वेळा सगळ्यात मोलाची असते.

माझं बालपण कालिन्याच्या एअर इंडिया कॉलनीत गेलं. बाबा इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिनं खोलून नीट करायच्या विभागात होते. जन्म १९६४ चा, त्यामुळे कॉन्स्टेलेशन ही जुनी पंख्यांची विमानं मी पाहिली नाहीत, पण सेव्हन-ओ-सेव्हनच्या, म्हणजे बोइंग ७०७ जेटच्या आवाजावर आमच्या घरातलं घड्याळ लागायचं. अलीकडे कॉलनी रिकामी होत गेली तशा घरोघरच्या ट्रंका खाली आल्या, आणि जुने शेजारी मला विचारू लागले, ‘हे कधीचं गं? ठेवायचं की रद्दीत द्यायचं?’ उत्तर देता देता माझी एक पद्धत बसली. तीच इथे लिहिते. यासाठी तज्ज्ञ व्हायला लागत नाही. कंपनीच्या इतिहासातली वळणं ठाऊक असली की कागद स्वतःच बोलतो.

एअर इंडियाच्या जाहिरातीतल्या महाराजाला बघून हुरळून जाऊ नका. तो झुकलेला, मिशीवाला महाराजा १९४६ साली कंपनीतले बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवला, आणि तेव्हापासून तो पत्त्यांपासून पोस्टरपर्यंत सगळीकडे आहे. साठ-सत्तर वर्षांच्या वस्तूंवर असलेल्या माणसावरून साल कसं काढणार? नजर त्याच्या पायाशी न्या आणि कंपनीचं नाव अक्षरन् अक्षर वाचा.

नुसतं ‘टाटा एअरलाइन्स’ असेल तर कागद १९४६ च्या आधीचा. २९ जुलै १९४६ ला टाटांची ही विमानसेवा पब्लिक लिमिटेड कंपनी झाली आणि तिचं नाव एअर इंडिया पडलं. ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असेल तर १९४८ ते १९६२. परदेशी उड्डाणांसाठी १९४८ साली वेगळी कंपनी काढली, तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता, आणि त्याच वर्षी ८ जूनला तिचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. जून १९६२ मध्ये नावातलं ‘इंटरनॅशनल’ गळून पडलं.

गोंधळ होतो तो नुसत्या ‘एअर इंडिया’ या नावाने, कारण हे नाव दोनदा येतं. एकदा १९४६ नंतर, तेव्हा ती देशातल्या देशात उडणारी कंपनी होती. दुसऱ्यांदा १९६२ पासून पुढे. दोन्हींत फरक कसा करायचा? मार्ग बघा. मुंबई-दिल्ली, मुंबई-मद्रास असा देशातला मार्ग असेल आणि रक्कम रुपये-आण्यांत असेल, तर कागद पहिल्या काळातला. १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा एअर इंडिया धरून देशातल्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या आणि परदेशी उड्डाणं एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. म्हणून डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया असलं नाव दिसलं तर डोळे झाकून १९५३ च्या आधीचं म्हणा. असे कागद फार कमी उरलेत. ते बाजूला काढून ठेवा.

आपल्या घरांत आणखी एक सवय आहे. विमान म्हटलं की सगळे ‘एअर इंडिया’च म्हणतात. मावशी सांगते, ‘आम्ही १९७५ साली एअर इंडियाने दिल्लीला गेलो’, आणि तिकिटावर उड्डाण क्रमांकाआधी अक्षरं असतात आयसी. म्हणजे ते इंडियन एअरलाइन्स. एअर इंडियाची अक्षरं एआय. दोन्ही कंपन्या २००७ मध्ये एकत्र आल्या, त्याआधी त्या सख्ख्या बहिणी असल्या तरी वेगवेगळ्या घरांत नांदत होत्या. तिकिटाच्या लांबलचक क्रमांकातले पहिले तीन आकडे ०९८ असतील तर तिकीट एअर इंडियाचं, हेही लक्षात ठेवा. कोपरा फाटून नाव गेलं असेल तेव्हा हे तीन आकडे कामी येतात. लाल कार्बनची, पातळ पानांची कागदी तिकिटं १ जून २००८ पासून जगभरच बंद झाली, त्यामुळे तसं तिकीट हातात आलं की वरची मर्यादा आपोआप ठरते.

नावानंतर पत्ता आणि पैसे. हे काम दोन मिनिटांचं आहे. ‘बॉम्बे-१’ असा आकडा असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. नरिमन पॉइंटची २३ मजली एअर इंडिया इमारत १९७४ ची, तेव्हा लेटरहेडवर तिचा पत्ता असेल तर त्यानंतरचं. मुख्य कार्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं. आणे दिसले तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. आमच्या शेजारच्या आजींकडे जादा सामानाची एक पावती होती, तारखेवर शाई सांडलेली. तिच्यावर ‘नये पैसे’ आणि ‘एअर इंडिया’, इंटरनॅशनल नाही. म्हणजे १९६२ च्या मध्यापासून १९६४ च्या मध्यापर्यंत, एवढीच दोन वर्षं उरली. आजींनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, ‘मग हे थोरलीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हाचं.’

आता माझा आवडता भाग. फोटोत विमान असेल तर त्याच्या नाकाजवळ, वैमानिकाच्या खिडकीखाली, नाव शोधा. भिंग घ्या, किंवा मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. एअर इंडियाने प्रत्येक जातीच्या विमानांना एकाच कुळातली नावं दिली. ते कूळ ओळखलं की काळ सापडला.

सगळ्यात आधी राजकन्या. १९४८ पासून आलेली लॉकहीड कॉन्स्टेलेशन म्हणजे मलबार प्रिन्सेस, राजपूत प्रिन्सेस, मराठा प्रिन्सेस, काश्मीर प्रिन्सेस. मग राण्या: सुपर कॉन्स्टेलेशनची नावं राणी ऑफ झांशी, राणी ऑफ विजापूर अशी. नाव दिसत नसेल तरी शेपटाकडे बघा, या दोन्ही विमानांना तीन-तीन शेपटं होती आणि पंखांवर चार पंखे. १९४८ साली निघालेल्या १२ आण्यांच्या टपाल तिकिटावरही हेच कॉन्स्टेलेशन आहे. घरात टपाल तिकिटांचा अल्बम असेल तर तो शेजारी ठेवून ताडून बघा.

राण्यांनंतर शिखरं. फेब्रुवारी १९६० मध्ये पहिलं बोइंग ७०७ आलं, गौरीशंकर. त्या वर्षी १४ मे पासून न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि जून १९६२ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. असं करणारी ती जगातली पहिली कंपनी. हे सांगताना बाबांचा आवाज बदलायचा. नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा, मकालू, धौलागिरी ही सगळी सेव्हन-ओ-सेव्हन. १९७१ पासून सम्राट: पहिला एम्परर अशोक, मग शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कनिष्क, आणि १९८० च्या दशकाअखेर शिवाजी. ही जंबो, बोइंग ७४७. डोक्यावरचं टेंगूळ आणि खिडक्यांभोवती रंगवलेल्या लाल झरोक्यांच्या कमानी यांवरून लहान मूलही ओळखेल. १९८० च्या दशकातल्या एअरबसना नद्यांची नावं. १९९३ पासूनच्या ७४७-४०० ना कोणार्क, खजुराहो, अजिंठा अशी स्थळांची.

यातून काय साधतं ते एका फोटोवरून सांगते. आमच्या ट्रंकेत एक पोस्टकार्डाएवढा फोटो होता. सांताक्रूझ विमानतळ, शिडीखाली सूट घातलेले थोरले काका, गळ्यात हार, भोवती सात-आठ माणसं. मागे बाबांच्या अक्षरात ‘दादा लंडनला’, बस्स. काका पहिल्यांदा १९५८ साली गेले, म्हणून घरात सगळे हा फोटो १९५८ चा म्हणायचे. उजव्या कडेला, फोटो कापला गेलाय तिथे, हिरवट साडीतली म्हणावी अशी एक मुलगी अर्धी दिसते (फोटो काळा-पांढरा आहे, साडीचा रंग मी मनानेच ठरवला होता). ती कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारची असेल, असं ठरलेलं.

एका दुपारी भिंगाखाली मला विमानाच्या नाकावर पाच इंग्रजी अक्षरं दिसली. पी, यू, आर, एन, ए. आधीची अक्षरं काकांच्या खांद्यामागे. पूर्णा. अन्नपूर्णा! सेव्हन-ओ-सेव्हन! आणि १९५८ साली सेव्हन-ओ-सेव्हन एअर इंडियाकडे नव्हतंच. मग काकांचा जुना पासपोर्ट काढला. त्यावर दुसऱ्या प्रवासाचा शिक्का, १९६३ चा. बाबांच्या लग्नाला ते आले होते आणि लग्न लागल्यावर तीन आठवड्यांनी परत गेले. कडेला अर्धी कापलेली ती मुलगी माझी आई होती, नवी नवरी. घरातली बाकी माणसं मधे उभी राहिली आणि ती संकोचून बाजूला. आई तोवर गेली होती, तिला विचारायचं राहूनच गेलं. पण तिचा लग्नानंतरचा पहिला फोटो मला विमानाच्या नावामुळे मिळाला.

म्हणून विमान नेहमी आधी ओळखा, माणसं नंतर. माणसांच्या आठवणी सरकतात. विमान ताफ्यात येण्याच्या आधी तिथे असूच शकत नाही.

खालची मर्यादा अशी पक्की होते. वरची ठरवायला सहीकडे बघा. बाबांच्या नोकरीच्या कागदांत अध्यक्षांच्या सहीचं एक छापील पत्र होतं. जे. आर. डी. टाटा अध्यक्ष म्हणून सही करतायत म्हणजे पत्र फेब्रुवारी १९७८ पर्यंतचं. राष्ट्रीयीकरणानंतरही सरकारने त्यांनाच अध्यक्ष ठेवलं होतं, आणि १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. त्या दिवसांत कॉलनीतले लोक जिन्यात उभे राहून हळू आवाजात बोलायचे, ते मला आठवतं. मानचिन्हही बघा: वर्तुळातला धनुर्धारी अश्वमानव असेल तर २००७ च्या आधीचं, लाल हंस आणि त्यात कोणार्कचं चक्र असेल तर विलीनीकरणानंतरचं, आणि आजचं चिन्ह २०२३ चं. मधल्या २७ जानेवारी २०२२ ला कंपनी पुन्हा टाटांकडे गेली.

१९३२ च्या कागदाची आशा पुष्कळ लोक धरतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी पुस मॉथ हे छोटं, एका इंजिनाचं विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पावसाळ्यात जुहूच्या धावपट्टीचा चिखल व्हायचा, म्हणून तेवढे महिने पुण्याला येरवड्याजवळून काम चालायचं. असं पाकीट घरातल्याच जुन्या पत्रव्यवहारात सापडलं तर ते खरं असण्याची शक्यता चांगली. बाजारात कुणी विकायला आणलं तर कराचीचा शिक्का, तारीख आणि मद्रासला पोचल्याचा शिक्का तिन्ही जुळतात का ते टपाल तिकिटांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पुस मॉथचं चित्र दिसलं म्हणून कागद १९३२ चा ठरत नाही. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं होतं आणि त्या जुन्या विमानाची आठवण सगळीकडे निघाली होती.

काही कागदांबाबत मात्र सावकाश जा, ते कोसळलेल्या विमानांचे असतात. मलबार प्रिन्सेस, ३ नोव्हेंबर १९५०. काश्मीर प्रिन्सेस, ११ एप्रिल १९५५. कांचनजंगा, २४ जानेवारी १९६६, ज्यात होमी भाभा गेले. एम्परर अशोक, १ जानेवारी १९७८. कनिष्क, २३ जून १९८५. या नावांपैकी एखादं आणि जवळची तारीख दिसली तर तो कागद लगेच कुणाला फोटो काढून पाठवू नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकटं गाठून विचारा. मलबार प्रिन्सेस आणि कांचनजंगा दोन्ही आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळली, आणि तिथल्या बर्फातून २०१२ सालीसुद्धा कांचनजंगाची टपालाची पिशवी वर आली होती. अशी दुःखं कागदांतूनही अचानक वर येतात.

एम्परर अशोकची रात्र मी पाहिली आहे. रविवार होता, नवं वर्ष. दुबईला निघालेलं जंबो बांद्र्यासमोर समुद्रात गेलं, २१३ माणसं होती. जेवणं चालू असताना खालून कुणीतरी बाबांना हाक मारली. ते अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतला आणि कामाचा शर्ट चढवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आईने ताट वाढलं, ते जेवले नाहीत, नुसते बसून राहिले. त्या विमानाच्या इंजिनांवर त्यांचे हात फिरले होते. बाबांच्या डायरीत त्या पानावर फक्त ‘अशोक’ एवढंच आहे. ते पान मी कुणाला दिलेलं नाही, स्कॅनही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय. तुमच्याकडे असं काही असेल तर तुम्हीही तसंच करा.

उलट कुवेतचे कागद मोकळेपणाने बाहेर काढा. इराकने कुवेत घेतल्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९० मध्ये ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून लाखाहून जास्त माणसं बहुतांशी जॉर्डनच्या अम्मानमार्गे घरी आणली गेली. त्या वेळी परतलेल्यांकडे बोर्डिंग कार्ड, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, अम्मानचे शिक्के असतात, आणि लोक ते ‘काय करायचेत’ म्हणून टाकून देतात. माझ्या लेखी हे तिकिटांपेक्षा मोलाचे आहेत. मागे नाव लिहा, कुवेतमध्ये काय करत होते ते लिहा, कितव्या दिवशी विमान मिळालं ते लिहा.

जपायचं कसं, ते थोडक्यात. चिकटपट्टी लावू नका. मी लावली होती. बाबांच्या पहिल्या परदेशी प्रवासाच्या तिकिटाचं पाकीट घडीवर फाटलं होतं, मी मागून पट्टी मारली. दहा वर्षांत ती पिवळी पडली, काढायला गेले तर महाराजाची पगडी पट्टीबरोबर निघून आली. अजून वाईट वाटतं. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. पॉलिस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, उग्र वासाच्या पीव्हीसीची नको. मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर वर्षी बदला. लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. स्कॅन ६०० डीपीआयला करा, मागची बाजूसुद्धा.

आणि सगळ्यात आधी स्कॅन करा ते नवे बोर्डिंग पास. लोक उलटं करतात, जुनं आधी काढतात. १९५० चं छापील मेन्यूकार्ड अजून पन्नास वर्षं टिकेल. अलीकडचे पास थर्मल कागदावरचे, त्यांची अक्षरं चार-पाच वर्षांत उडतात. एका मैत्रिणीने मुलाच्या अमेरिकेला गेल्याचा पास देवघराच्या खणात जपून ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा तो कोरा होता.

शेवटचं काम मोबाइलवर करायचं. कॉलनीतले, विमानतळावरचे, हवाई सुंदरी म्हणून काम केलेले जे कोणी अजून आहेत त्यांच्यासमोर वस्तू ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. ‘कसं होतं हो तेव्हा?’ असं विचारू नका, ‘छान होतं’ असंच उत्तर येतं. विचारा: शिफ्ट किती वाजता सुरू व्हायची? बस कुठे थांबायची? पहिल्या दिवशी हातात काय दिलं? बाबांच्या बरोबरीच्या एका काकांना मी ओव्हरहॉलमधला एक पितळी बिल्ला दाखवून विचारलं, हा कशाचा? त्यांनी तो उलटा केला, अंगठ्याने मागचा आकडा चाचपला आणि म्हणाले, ‘टूल क्रिबचा. पाना घेतला की हा खिळ्यावर टांगायचा, परत दिला की काढून घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला उरला तर शिफ्ट सुटायची नाही. इंजिनात पाना राहिला असेल ना.’ मग आकडा वाचून दाखवला, ४१७, आणि म्हणाले, ‘हा तुझ्या बाबांचाच.’